टोपीखालचा गद्दार

रांदुसारीत गुन्हा करणं अवघड आहे, कारण रांदुसारीत मी राहते.

माझं नाव मुसारोफा. लोक मला बू मुसारोफा म्हणतात; आमच्याकडे मोठ्या बाईला बू आणि मोठ्या पुरुषाला पाक म्हणायची रीत आहे. माझ्या बुद्धीला जे घाबरतात ते नुसतं 'बू' म्हणून घाईघाईने पुढे सटकतात. गल्लीच्या तोंडाशी मी रोज सकाळी पेचेल विकते. उकडलेल्या भाज्या, वरून शेंगदाण्याची तिखट चटणी, शेजारी भात. हा झाला जगाला दाखवायचा धंदा. माझं खरं काम सत्यशोधनाचं. मशिदीच्या पायरीवरून पाक इमामांच्या चपला हरवल्या होत्या, ते प्रकरण मीच उलगडलं. चपला माझ्याच पायात निघाल्या, हा तपशील लोक हसत हसत सांगतात. पण मी म्हणते, शोधून काढल्या कोणी?

मी नेमाधर्माने राहणारी बाई आहे. सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा असतो. आवाज चढवायचा नाही, पाठीमागे कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि मनातसुद्धा कोणावर वाईट संशय घ्यायचा नाही, हेही माझे रोजचे नेम. शेवटचा नेम गुप्तहेराला जरा जड जातो. न्हाव्याने कोणाच्या डोक्याला हात न लावण्याचा नेम करावा, तशातलीच गत. पण अल्लाहने बुद्धी दिली आहे ती वाट काढायलाच. मी संशय घेत नाही. मी काळजी करते. ज्याच्यावर संशय घ्यावासा वाटतो, त्याची जरा जास्तच काळजी करते.

माझे मदतनीस म्हणजे आमचे यजमान, पाक जुमादी. ते सायकली दुरुस्त करतात आणि माझे निष्कर्ष ऐकून 'हं' म्हणतात. दुसरं काम पहिल्यापेक्षा कष्टाचं आहे, असं त्यांचं मत आहे.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी बातमी आली आणि गल्लीचं जेवण गेलं. आमच्या बांतेंग फुटबॉल क्लबचा, म्हणजे आमच्या लाल रानबैलांचा, नऊ नंबरचा रागिल विचाक्साना तांबाकबिरूला गेला. तांबाकबिरू! किनाऱ्यावरचे ते निळे शर्टवाले! आम्ही त्यांना मासेवाले म्हणतो. ते आम्हाला जे म्हणतात ते माझ्या नेमात बसत नाही, म्हणून लिहीत नाही. वर आणखी रविवारी सामना होता तो त्यांच्याशीच, आणि तोही आमच्या मैदानावर.

गल्लीत तर कोणीतरी वारल्यासारखं झालं. पाक हरतोयो आमच्या गल्लीचे प्रमुख, आणि क्लबच्या समर्थकांच्या शाखेचेही तेच प्रमुख. त्यांनी गल्लीच्या पहारेकऱ्यांच्या चौकीसमोर रागिलचा शर्ट जाळायला घेतला. पण हल्लीचं कापड जळतं कुठे? शर्ट वितळला आणि रस्त्याला डांबरासारखा चिकटून बसला. नऊचा आकडा अजून नीट वाचता येतो. लोक मुद्दाम त्याच्यावरून सायकल नेतात.

"तुमचाही शर्ट आणा, जाळू," पाक हरतोयो आमच्या यजमानांना म्हणाले.

"नको. चेन पुसायला त्याच्यासारखं फडकं नाही," यजमान म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला दुःख नाही?"

"आहे ना. पण चेनही आहे."

मीसुद्धा माझ्या परीने निषेध केला. माझ्याकडे जास्त मिरची घातलेली 'पेचेल रागिल' म्हणून एक थाळी मिळायची. बुधवारी सकाळी मी पाटीवरचं नाव पुसून खडूने 'पेचेल गद्दार' असं लिहिलं. त्या दिवशी दुपारच्या आतच चटणी संपली. दुखावलेला माणूस तिखट खातो, हे मानवी स्वभावाचं माझं निरीक्षण मी इथे नोंदवून ठेवते.

त्याच सकाळी प्रांतातल्या एका वाहिनीचे लोक कॅमेरा घेऊन आले. समर्थकांना काय वाटतं, ते त्यांना दाखवायचं होतं. निरोप आदल्या रात्रीच आला होता, आणि तेव्हाच सगळ्यांनी एकमताने पुढे केलं ते पाक तुमिजानना.

पाक तुमिजान आमच्या शाखेचे ढोलवाले. मैदानाला बांबूचं कुंपण होतं, तेव्हापासून ढोल त्यांच्याकडे आहे. सामना असला की आधी ढोल गाडीत चढतो, मग पाक तुमिजान, आणि जागा उरलीच तर त्यांच्या बायको, बू लासमी. रागिल लहान असताना मागच्या गल्लीत राहायचा. तिकिटाला पैसे नसायचे, म्हणून पाक तुमिजान त्याला ढोलाबरोबर आत न्यायचे, 'हा ढोलाचा भाग आहे' असं दारावर सांगून. तेव्हापासून रागिल त्यांना पाकदे म्हणतो. पाकदे म्हणजे थोरले काका. रागिलने गोल मारला की पाक तुमिजान एक खास ठेका वाजवायचे, दोन सावकाश आणि तीन घाईचे. तो ठेका दुसऱ्या कोणासाठी वाजत नसे.

कॅमेऱ्यासमोर ते फार छान रडले. डोक्यावर काळी लोकरीची टोपी होती, कानांपर्यंत ओढलेली. "त्याने जायला नको होतं," एवढंच म्हणाले आणि टोपी आणखी खाली ओढली. बघणाऱ्यांनीही डोळे पुसले. फक्त माझ्यातली सत्यशोधक जागी झाली. मशीद सोडून कुठेही टोपी न घालणारा हा माणूस पेचेल खातानाही टोपी का घालतो आहे? त्या दिवसापासून मी मनातल्या मनात काळजी करायला सुरुवात केली.

गुरुवारी दुपारच्या नमाजाआधी मी मशिदीत वजू करत होते. पुरुषांच्या आणि बायकांच्या नळांमध्ये नक्षीच्या विटांची भिंत आहे, भोकाभोकांची. आता वजू म्हटलं की ओल्या हाताने डोकं पुसावंच लागतं. भोकातून मी पाहिलं, खरं तर दिसलं, की पाक तुमिजाननी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, झटकन टोपी उचलली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत दाबून बसवली.

पण माझ्या नजरेने तेवढ्यात काम केलं. डोक्यावर एकही केस नव्हता. गुळगुळीत गोटा!

मी जागच्या जागी थिजले. पाणी कोपरावरून वाहत राहिलं. का थिजले ते सांगते. आमच्या गल्लीत पुरुष डोकं भादरतात ते एकाच कारणाने, नवस फेडायला. क्लब वरच्या गटात गेला, त्या वर्षी अख्ख्या गल्लीने मुंडण केलं होतं. चौकीवर बसलेले पुरुष मागून पाहिले की कलिंगडाची रास लावल्यासारखी दिसायची. नवस बोलायचा, इच्छा पुरी झाली की केस द्यायचे. आणि या आठवड्यात आमच्या गल्लीत कुठली गोष्ट घडली होती? एकच! रागिल गेला होता.

म्हणजे रागिल जावा म्हणून कोणीतरी नवस बोललं होतं. आणि तो नवस फळला होता.

हातात केस आली होती आणि केसच नव्हते, अशा विचित्र अवस्थेत मी नमाज पढले. त्या नमाजात माझं मन नव्हतं, याची माफी मी नंतर वेगळी मागितली.

संध्याकाळी रोजा सोडताना मी यजमानांना सगळं सांगितलं. पाठीमागे वाईट बोलायचं नाही, म्हणून नाव घेतलं नाही. म्हटलं, "एक ढोल वाजवणारे गृहस्थ आहेत."

"तुमिजान," यजमान म्हणाले.

"मी नाव घेतलेलं नाही. तुम्ही घेतलंत. तर हे गृहस्थ टीव्हीवर रडतात, आणि टोपीखाली नवस फेडून बसतात. का? विचार करा."

"उवा झाल्या असतील."

"पाक, उवा शाळेतल्या पोरांना होतात. शाखेच्या ढोलवाल्याला होत नाहीत."

"मग उकडत असेल."

"उकडतं म्हणून कोणी डोकं भादरून वर लोकरीची टोपी घालतं का?"

यजमान 'हं' म्हणाले. मी पुढे सरकले. "हेतू पाहा. रागिलने गोल मारला की लोक एवढे ओरडतात, की ढोल कोणाला ऐकूच येत नाही. कलावंताचं मन! इतकी वर्षं तो अपमान साठत गेला. साठत साठत त्याचा नवस झाला."

"पण तो ठेका तर त्यांनीच बसवलेला आहे, रागिलसाठी."

"तोच तर बुरखा!"

कोपऱ्यात माझ्या सासूबाई, म्बाह पाइनेम, म्हणजे गल्लीच्या आजी, विडा कुटत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण कधीकधी माणूस..."

"म्बाह," मी अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे प्रकरण गंभीर आहे. तुम्ही विडा खा."

त्यांनी खाल्ला. या गोष्टीत माझ्याकडून जे काही बिघडलं, त्यात हे वाक्य सगळ्यात वरचं आहे.

शुक्रवारी सकाळी मी चौकशीला लागले. माझ्या नेमाप्रमाणे एकही वाईट शब्द मी उच्चारला नाही. फक्त प्रश्न विचारले. भाजीवर चटणी ओतता ओतता पहिल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "पाक तुमिजाननी नवी टोपी घेतली का हो?" दुसऱ्याला विचारलं, "टोपीखाली केस दिसत नाहीत त्यांचे, तब्येत बरी आहे ना?" तिसऱ्याला म्हटलं, "आपल्या गल्लीत शेवटचं मुंडण कधी झालं होतं, आठवतं का?" चौथ्याला काही विचारावं लागलं नाही. तोच मला सांगायला आला, की रागिल जावा म्हणून तुमिजानने नवस केला होता, आणि हे खुद्द बू मुसारोफाने डोळ्यांनी पाहिलंय.

"मी नवस पाहिला नाही," मी म्हटलं. सत्य बोलणं हाही माझा नेम आहे.

"पण डोकं?"

"डोकं पाहिलं."

"मग झालं तर!" म्हणून तो गेला. जाताना पैसे द्यायला विसरला, इतका त्याला धक्का बसला होता.

पुरावे मात्र अजून हवे होते. भाजी आणण्याच्या निमित्ताने मी पाक तुमिजान यांच्या अंगणावरून गेले. दोरीवर उशीचा एक अभ्रा वाळत होता. पांढरा, पण मधोमध मोठा निळा डाग. शेजारी टॉवेल, तोही निळा होत चाललेला. तांबाकबिरूचा रंग! हा माणूस रात्री शत्रूच्या रंगावर डोकं ठेवून झोपतो!

बू लासमी चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, "लासमी, माहेरी जाऊन आलीस की काय? तांबाकबिरूला?"

"नाही बाई. का?"

"सहज. तिकडचे सगळे खुशीत असतील."

"असतील. मला काय त्याचं?" ती माझ्या नजरेला नजर देईना. "बू, तुमच्याकडे खोबरेल तेल आहे का हो? आमचं संपलं."

"कालच तर दुकानातून बाटली नेलीस ना?"

"संपली."

एका दिवसात बाटलीभर तेल! मी घरी येऊन यजमानांना सुधारित निष्कर्ष सांगितला. नवसाची गोष्ट तर पक्कीच होती, पण त्यामागे लासमीचं माहेर होतं. सासरेबुवांनी तांबाकबिरूहून दडपण आणलं, मासे पाठवले, ते मासे एवढे होते की तळायला बाटलीभर तेल लागलं.

"वास आला नाही माशांचा," यजमान म्हणाले.

"वासावरूनच तर पकडले जातात लोक. म्हणून त्यांनी वास येऊ दिला नाही."

"मासे तळले, पण वास येऊ दिला नाही?"

"पाक, शत्रूला कमी लेखू नये."

मग मला आणखी एक शक्यता सुचली, तीही मी प्रामाणिकपणे मांडली. पाक तुमिजान गुपचूप मक्केला जाऊन आले असतील. तिथून आलेले लोकही मुंडण करून येतात. यजमानांनी चाकाचा स्पोक खाली ठेवला. "मंगळवारी रात्री ते माझ्या शेजारी बसून रडत होते. बुधवारी सकाळी टीव्हीवर होते. मधल्या वेळात मक्का?" ही शक्यता मी मागे घेतली. चांगला गुप्तहेर हट्टी नसतो.

दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर पाक हरतोयो पेचेल घ्यायला आले आणि म्हणाले, "उद्या दुपारी चौकीवर बैठक आहे. नवस केला असेल तर त्यांच्याकडून ढोल काढून घ्यायचा. शाखेचा ठराव. दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊ."

"कोणाच्या?"

"माझा भाचा टेबल चांगलं वाजवतो."

"टेबल?"

"ढोलाची सवय होईल हळूहळू."

मी काळजी केली होती, पण ती इथवर पोचेल असं वाटलं नव्हतं. पाक तुमिजानशिवाय ढोल! म्हणजे मिनाराशिवाय अजान. आणि ही सगळी वाट माझ्या पेचेलच्या टेबलावरून गेली होती.

मी तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले. ते पडवीत ढोलाच्या चामड्याला मेण चोळत बसले होते. टोपी कानांपर्यंत.

"पाक, उद्या बैठक आहे," मी म्हटलं.

"ऐकलं."

"एकदा सगळ्यांसमोर टोपी काढा आणि सांगून टाका, नवस केला नव्हता म्हणून. मिटलं."

"टोपी नाही काढणार."

"मग नवसाचं तेवढं सांगा."

"नवस केला नाही. पण टोपी काढल्याशिवाय हरतोयो विश्वास ठेवणार नाही. आणि काढली तर..." त्यांनी टोपी चाचपली. "बू, तुम्हाला नाही कळायचं. काढली तर त्याहून वाईट."

"त्याहून वाईट काय असणार?"

"ढोल हवाय ना त्यांना? नेऊ देत," ते म्हणाले. हात मात्र चामड्यावरून उचलेनात. मेण केव्हाच मुरलं होतं, तरी चोळत राहिले. "टोपी राहू द्या मला."

परत येताना माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. पण ती माझ्या स्वतःबद्दलची होती, म्हणून नेमात बसली.

शनिवारी चौकीवर गल्ली लोटली. बू लासमी भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओठ आवळून. म्हातारीलाही मी आणलं होतं, किंवा म्हातारीनेच मला आणलं होतं, कारण बैठकीत तळलेली केळी मिळणार होती. म्बाह पाइनेम सगळ्यात पुढे खुर्चीवर बसल्या, मांडीवर केळ्यांची ताटली घेऊन.

पाक हरतोयो उभे राहिले. "पाक तुमिजान, आपण मोठे आहात. पण शाखेला उत्तर हवंय. तुम्ही नवस बोलला होता का?"

"नाही."

"मग डोकं का भादरलं?"

पाक तुमिजाननी टोपी आणखी खाली ओढली.

"तर टोपी काढा, आम्हाला बघू द्या. त्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा?"

"विश्वास नसेल तर राहू द्या." त्यांनी ढोल उचलून मधोमध आणून ठेवला. त्याच्यावर टिपरू ठेवलं. टिपरू गडगडलं, त्यांनी ते परत नीट ठेवलं. मला खाली बघावं लागलं. मागे कुणीतरी हळू आवाजात 'मासेवाला' म्हणालं, आणि पाक हरतोयोंचा भाचा बोटं मोडू लागला.

पाक तुमिजान जायला निघाले. पण आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसापुढून तसंच निघून जाता येत नाही. राग असो, लोभ असो, वाकून त्यांचा हात कपाळाला लावायचा आणि मगच निघायचं. गल्लीत सगळ्यांत मोठ्या म्बाह पाइनेम, आणि त्या वाटेतच बसलेल्या. पाक तुमिजान त्यांच्यासमोर वाकले. टोपी बरोबर म्हातारीच्या नाकासमोर आली.

म्हातारीने ती उचलली. सहज, झाकणी उघडून भाताला किती वेळ आहे ते बघावं, तशी.

डोकं निळं होतं. नुसतं भादरलेलं नव्हे, चांगलं निळं, कानामागे गर्द आणि टाळूवर जरा फिकं. तांबाकबिरूचा झेंडा गुंडाळून ठेवावा तसं.

"या अल्लाह," पाक हरतोयो म्हणाले. "रंगवून घेतलंय!"

"रंगवलं नाही तर काय करणार?" म्हातारी केळं चावत म्हणाली. "टीव्हीवाले येणार होते ना. काळा कलप लावला असणार, पुडीतला. स्वस्तातला. हो ना रे? आमच्या ह्यांनी पोरीच्या लग्नात लावला होता. त्यांचं डोकं हिरवं झालं होतं."

बू लासमीचा बांध फुटला. "मी नको म्हणत होते! म्हटलं, पांढरे केस शोभतात तुम्हाला. नाही म्हणे, अख्खा प्रांत बघणार, म्हातारा दिसलो तर क्लबची लाज जाईल. पुडीवर काळ्याभोर केसांचा माणूस होता छापलेला! निघालं निळं! धुतलं तर आणखी निळं! पहाटे मीच वस्तरा फिरवला, तर खाली कातडीही निळी! तीन दिवस खोबरेल चोळतेय, बाटल्या संपल्या, उशीचा अभ्रा गेला, टॉवेल गेला, आणि तुम्ही लोक नवस नवस करत बसलात!"

"मला वाटलं," पाक तुमिजान टाळू झाकत म्हणाले, "रानबैलांच्या ढोलवाल्याचं डोकं निळं, हे कळलं तर तुम्ही मला मैदानातही सोडणार नाही. नवसाचा आळ परवडला."

पहिल्यांदा हसले ते आमचे यजमान. मग सगळी चौकी. पाक हरतोयो हसायचं नाही असं ठरवून उभे होते, पण भाचाच हसत सुटला, तेव्हा त्यांचाही इलाज चालेना.

हसणं ओसरल्यावर यजमान माझ्याकडे वळले. "बू, तुम्ही तर डोकं डोळ्यांनी पाहिलं होतं ना? मग निळं नाही दिसलं?"

आता काय सांगू? वजू करताना चष्मा काढावा लागतो. चष्म्याशिवाय मला माझी थाळी आणि माझे यजमान यांतला फरकही अंदाजानेच कळतो. अभ्रा पाहिला, टॉवेल पाहिला, तेलाची बाटली मोजली, आणि त्यातून मासे तळले. मी एवढंच म्हणाले, "रंग हा दुय्यम तपशील होता."

यजमान 'हं' म्हणाले. इतक्या वर्षांत तो 'हं' मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. मी पाक तुमिजान यांच्यापुढे गेले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या, बू. फक्त त्या पेचेलला माझं नाव देऊ नका."

शाखेने ठराव केला, की ढोल पाक तुमिजानकडेच राहील, पण सामन्यात टोपी सक्तीची. सुरक्षेचा प्रश्न म्हणून. दुसरा ठराव असा, की रागिलच्या पायात चेंडू आला की आपण सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करायची, आणि त्याच्यासाठी ढोल वाजणार नाही. ठराव ऐकून पाक तुमिजान टिपरू उचलून घरी गेले.

रविवारी मैदान लालेलाल झालं होतं. आम्ही बायका पायऱ्यांवर ढोलाच्या वरच्या अंगाला बसलो होतो. मी चष्मा पुसून पुसून डोळ्यांवर घट्ट बसवला होता. ठरावाप्रमाणे रागिलला चेंडू मिळाला की आम्ही गर्रकन वळायचो. एकदा असेच वळलेलो असताना मागे काहीतरी आवाज झाला. वळून पाहिलं तर निळे शर्ट एकमेकांना मिठ्या मारत होते.

"गोल झाला?" पाक हरतोयो खालच्या पोलिसाला म्हणाले. "कसा झाला?"

"मला काय माहीत?" पोलीस म्हणाला. "आमची ड्यूटी तुमच्याकडे तोंड करून असते."

म्हणजे हजारो लोकांनी मैदानाकडे पाठ केली होती आणि पोलिसांची आधीपासूनच होती. रागिलचा आमच्याविरुद्धचा पहिला गोल फक्त अल्लाहने पाहिला. नंतर आमच्याही एका पोराने गोल मारला. तेव्हा पाक तुमिजाननी ढोल असा झोडला की टोपी उडाली आणि तीन पायऱ्या खाली जाऊन कोणाच्यातरी बर्फ घातलेल्या चहात पडली. ती परत घालण्यासारखी राहिली नाही. निळं डोकं उन्हात लखलखायला लागलं. पण बरोबरीच्या आनंदात ते कोणाला खुपलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. दोन्ही बाजूंचे खेळाडू आत गेले. एकटा रागिल गेला नाही. तो निळ्या शर्टात, मान खाली घालून, आमच्या कुंपणाकडे चालत आला. यावेळी पाठ फिरवायची की नाही, ते ठरावात नव्हतं. मागून एक जण 'गद्दार!' म्हणून ओरडला, पण पुढे आणखी कोणी ओरडलं नाही, आणि तोही मग शेजाऱ्याकडे बघायला लागला.

रागिल कुंपणाशी येऊन उभा राहिला. जाळीच्या फटीतून त्याने दोन्ही हात पुढे केले. पाक तुमिजाननी टिपरू काखेत धरलं आणि उजवा हात पुढे केला. कितीतरी वेळ त्यांचा हात अर्ध्या वाटेवरच थांबला होता, असं मला वाटलं. रागिलने तो धरला, वाकून कपाळाला लावला, आणि मान वर केली.

मग त्याची नजर वर गेली. डोकं बघून त्याचा चेहरा असा झाला, की मघाचा गोल त्यानेच मारला असेल हे खरं वाटेना.

"पाकदे," तो घाबरून म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

पायऱ्यांवर हशा उसळला. पोलीससुद्धा मागे वळून बघायला लागले.

"मी कसला जातोय?" पाक तुमिजान म्हणाले. "डोकं तेवढं गेलंय तिकडं. हात इथंच आहेत."

आणि त्यांनी ढोलावर टिपरू घातलं. दोन सावकाश, तीन घाईचे. ठराव मोडला होता. पाक हरतोयोंनी हात वर केला, आम्हाला वाटलं थांबवायला. पण त्यांनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्या पायऱ्यांनी वाजवली.